टेपवर नसलेली सात वाक्यं

इंग्लंडातल्या मेडनहेडच्या सुप्रभा देवस्थळींचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि १९८४ सालापासून त्यांनी घरबसल्या टाइप केली ती भुतंच. मिसेस व्हिटलॉक नावाच्या लेखिकाबाई आपल्या भयकादंबऱ्या कॅसेटवर बोलून पाठवायच्या. सगळ्या एकाच जातीच्या: शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका, सरकारने फुकट वाटलेलं माळरान, पाच वर्षं राहून ते कसायची अट आणि मातीच्या ढेपांच्या घरात एकटी पडलेली बाई. भूत मागाहून यायचं. सुप्रभाबाई कानाला हेडफोन लावून, टेप चालू-बंद करायचं पेडल पायाने दाबत, निर्विकारपणे सगळं उतरवायच्या. नवरा पद्माकर हॉस्पिटलात डॉक्टर, तेव्हा घर काही या कामावर अडलं नव्हतं. पण ‘डॉक्टरांची मिसेस’ याखेरीज या देशात मिळालेली त्यांची ही पहिलीच ओळख होती, आणि ती त्यांना जिवापाड जपायची होती.

नियम एकच: टेपवर असेल ते टाइप करायचं, पदरचं घालायचं नाही. आधीच्या टायपिस्टने एक विशेषण बदललं, तर बाईंनी तिला दुसऱ्या दिवशी नारळ दिला. सुप्रभाबाईंनी एकदाच तोंड उघडलं होतं. जळत्या गोवऱ्यांच्या वासाने बायकांना ओकाऱ्या होतात, असं टेपवर होतं. त्यांनी फोन करून सांगितलं, की तसा वास येत नाही, आमच्या गावी गोवऱ्यांवर दूध तापायचं. बाईंनी ते वाक्य गाळलं आणि बजावलं, पुढच्या वेळी फक्त टाइप करा.

१९८८च्या फेब्रुवारीत अकरावं प्रकरण आलं. एलन नावाची बाई. नवरा धान्य आणायला गेलेला, बर्फ निम्म्या दारापर्यंत. एकविसाव्या दिवशी टकटक होते, आणि दारात एलनची मेलेली बहीण!

सुप्रभाबाईंनी पेडलवरचा पाय काढला. हे साफ खोटं होतं. मेलेली का होईना, बहीण आली म्हटल्यावर एलनने तिला आत ओढून चहा टाकला असता! भीती कोणी येण्याची नसते, कोणीच येत नाही याची असते. हे ठाऊक असताना खोटं टाइप करणं त्यांच्या जिवावर आलं.

त्यांनी भुताला रजा दिली आणि पदरची सात वाक्यं घातली. एलन शाल गुंडाळून बाहेर जाते, दार ओढून घेते आणि आपल्याच दारावर टकटक करते. मग आत येऊन म्हणते, ‘या, या, किती उशीर केलात.’ असं रोज. पंचविसाव्या दिवशी टकटक करून ती बाहेरच थांबते, आतून कोणीतरी उघडेल म्हणून.

पाकीट पोस्टात पडलं. काम गेलंच, असं त्या धरून चालल्या. चौथ्या दिवशी फोन वाजला.

“हे माझ्या टेपवर नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही.”

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

“बहीण नको मग. पुढची टेप उद्या पाठवते.”

आभार वगैरे काही नाही. पण मिसेस व्हिटलॉककडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळच.

पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. पद्माकररावांनी फ्लूमध्ये पडल्या पडल्या ते वाचायला घेतलं. दुपारी ते पुस्तक हातात घेऊनच किचनमध्ये आले.

“अगं, ही बाई काय वेडी आहे? स्वतःच्याच दारावर नॉक करते! दॅट्स नॉट नॉर्मल. असं कोणी खरंच करेल का?”

सुप्रभाबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

“अहो, शहात्तर साली आपण हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये होतो. तुम्ही फ्रायडे टू मंडे ऑन-कॉल, मी घरात एकटी. त्या विंटरमध्ये डोअरबेलचे सेल तुम्ही तीनदा बदललेत.”

“हो ना! एकदम रबिश सेल मिळायचे तेव्हा.”

“सेल चांगले होते,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “आपल्याकडे येत कोण होतं?”