वीजकेंद्राला नाही म्हटलं तेव्हा

तारापूरच्या वीजकेंद्रात माझी निवड झाल्याचं पत्र आलं, आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घरात वडील तरंगत चालू लागले. सांगलीकडून बोईसरला आलेल्या या माणसाचं सगळं आयुष्य औषधांच्या कारखान्यात गेलं होतं. त्यांच्या लेखी वीजकेंद्राची नोकरी म्हणजे स्वर्ग, फक्त त्याला कुंपण असतं एवढंच. मी रुजू व्हायच्या आधीच कॉलनीतल्या कोणत्या क्वार्टरला वारा चांगला लागतो याची त्यांनी चौकशी करून ठेवली.

रुजू होताना एक दाखला लागणार होता, म्हणून मी मनोरजवळच्या माझ्या जुन्या आयटीआयमध्ये गेले. इलेक्ट्रिशियनचं काम मी तिथेच शिकले होते. सर घाईत होते. "दाखला देतो, तोवर वर्गाकडे दहा मिनिटं बघ," म्हणाले आणि निघून गेले.

वर्गात जिन्याची वायरिंग चालली होती. एकच दिवा, खाली एक बटण, वर एक. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, खालनं लागतो, पन वरनं बंदच होत नाय!"

मी फळ्यावर आकृती काढली. मग दुसरी काढली. मग त्यांना बाहेरच्या खऱ्या जिन्यावर नेलं. सर परतले तेव्हा तीन तास उलटले होते, मी वरच्या पायरीवरून ओरडत होते आणि त्या मुलीचा दिवा वरूनही विझत होता.

"आठ महिने इथे शिकवणाऱ्या निदेशकाची जागा रिकामी आहे," सर दाखला पुढे करत म्हणाले. "पगार केंद्राच्या निम्माही नाही. पण तिथे मीटरच्या काट्यांकडे बघत गप्प बसावं लागेल. तू? आणि गप्प?"

परतीच्या एसटीत मी शेजारच्या अनोळखी बाईंनाही जिन्याची वायरिंग समजावली. त्यांच्याकडे जिना नव्हता. मग मात्र मला माझं उत्तर कळलं.

केंद्राला नाही कळवून मी आयटीआयमधली ती जागा घेतली. घरी सांगितलं तेव्हा आई फक्त "बरं" म्हणाली. वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचे. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या घिवलीच्या मावशींनी तर पाटीच खाली ठेवली. "आमी जन्मभर त्या केंद्राच्या भिंतीच्या भायेर. तुला आत बोलवतान आनि तू नाय म्हनतेस?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "पन बरा केलास. तुजी बडबड आयकून त्या लोकांनी काम कदी केला असता?"

पाचव्या दिवशी वडील वर्गाच्या दारात उभे. "इकडे काम होतं," म्हणाले. मनोरला त्यांचं कसलंही काम नसतं. शेवटच्या बाकावर बसले, तासभर ऐकलं आणि मुलांसारखा हात वर केला. "बाई, वीज गेली तर कोणत्या बटणानं लागेल?" सगळा वर्ग हसला. मी त्यांना उभं केलं आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेतलं.

हल्ली इमारतीत कुणी नवं राहायला आलं की वडील चहाच्या आधी एक गोष्ट सांगतात. "वीजकेंद्रानं बोलावलं होतं हिला," ते छाती फुगवून म्हणतात, "हिनंच नाही म्हटलं."

पगाराचा आकडा मात्र ते अजून कुणाला सांगत नाहीत.