शोकेसमधला जपानी कुकर

आमच्या घरातला जपानी कुकर बरेच महिने कसलीही तक्रार न करता चालला, कारण तो आम्ही कधी लावलाच नव्हता.

बोईसरच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. (इलेक्ट्रिकल! हे आत्ताच सांगून टाकतो, नंतर सांगायची लाज वाटेल.) नवीन मशीन शिकून यायला कारखान्याने मला जपानला पाठवलं. लोक परदेशातून कॅमेरे आणत, अत्तरं आणत. मी विजेवर भात शिजवणारा कुकर आणला. पांढराशुभ्र, झाकणावर गुलाबी फुलं. विमानात तो मी मांडीवर घेऊन बसलो होतो. सख्ख्या मुलाला इतका वेळ घेतलं नव्हतं.

त्या काळी परदेशी वस्तूंचा नियम सोपा होता: दाखवायच्या, वापरायच्या नाहीत. मी आणलेले साबण आईने साड्यांच्या घडीत ठेवले. चॉकलेटं सुरीने कापून, एकेक तुकडा तळहातावर ठेवून, तीर्थासारखी वाटली. कुकरला हळदकुंकू लावलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट शोकेसमध्ये बसवलं.

"पिशवी काढायची नाही. धूळ बसते," आई म्हणाली.

समोरच्या गुप्तेवहिनी रोज दर्शनाला येत. "भाऊजी, भात कसा होतो हो याच्यात?"

"काय सांगू वहिनी! शीत न् शीत मोकळं! शिट्ट्या नाहीत, कटकट नाही. रोजचा भात याच्यातच!"

नेमका त्याच वेळी आत आमचा जुना कुकर शिट्टी देई. मग मला जोराचा खोकला येई. माझ्या त्या खोकल्याची कॉलनीत काळजी वाटू लागली होती.

गुप्तेवहिनींनी ही कीर्ती पालघरपर्यंत नेली. तिथूनच माझ्या धाकट्या बहिणीला, सुषमाला, स्थळ आलं. मुलगा अशोक, पोस्टात नोकरीला. सुषमाला तो आधीच पसंत होता. (कुठे पाहिला, हे आम्ही विचारलं नाही. ती रोज पोस्टकार्डं आणायला पालघरला का जाते, हे तोवर आम्हाला कोडंच होतं.)

"दादा," तिने मला स्वयंपाकघरात गाठलं, "हे स्थळ तुझ्या बडबडीने मोडलं ना, तर मी जन्मभर तुझ्याच घरी राहीन. वहिनीशी भांडून!"

इतकी स्पष्ट धमकी मला त्यानंतर कुणी दिली नाही.

पाहुणे रविवारी सकाळीच आले, कारण टीव्हीवरची पौराणिक मालिका चुकवून मुली बघायची पद्धत तेव्हा नव्हती. अशोक, त्याची आई आणि पाम गावचे त्याचे मामा. अशोकच्या आईंनी चपला काढल्या, टीव्हीला हात जोडले आणि मग शोकेसकडे बोट दाखवलं.

"त्योच का तो कुकर?"

"तोच! रोजचा भात..."

"मंग लावा की! टीव्हीवरची शिरेल होईस्तोवर आमी बघतो."

"आमाला निस्ता बघायचाय," मामा म्हणाले. "गावात सांगायला पायजे ना!"

आईचा चेहरा देव्हाऱ्यातून देव हलवायला सांगितल्यासारखा झाला. पिशवी निघाली. तांदूळ-पाणी पडलं. कुकर हॉलमध्ये टीपॉयवर, टीव्हीच्या शेजारी विराजमान झाला. आणि मग लक्षात आलं, की त्याच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये जातच नाहीत.

शहाणा माणूस इथे थांबतो. पिना वेगळ्या का केल्या असतील, असा विचार करतो, कुकर उलटा करून खालची पट्टी वाचतो. मी प्लग कापला आणि आपला तीन पिनांचा बसवला.

"सुपरवायझर हायेत ना," मामा कौतुकाने म्हणाले.

मी बटण दाबलं. पाहता पाहता पाणी असं उसळू लागलं, की झाकणावरची फुलं थरथरली.

"बघा!" मी छाती फुगवून म्हणालो. "जपानी वेग!"

टीव्हीवर देवाने धनुष्य ताणलं. बाण सुटला. राक्षसाने वर पाहिलं. आणि धडाम्! झाकण उडून मामांच्या मांडीवर, धूर छतापर्यंत आणि टीव्ही काळाठिक्कर! जपानची वीज आपल्या विजेच्या निम्म्याहून कमी दाबाची असते, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. जपानमध्ये महिनाभर त्या मशीनची वीजच शिकत होतो, तरीही!

फ्यूज नुसता आमचा नाही, अख्ख्या बिल्डिंगचा उडाला. जिन्यात माणसं जमली, कुणाच्या हातात उदबत्ती, कुणाच्या हातात आरतीचं ताट.

"बाण लागला का हो?"

"लाईट कुणी घालवली?"

"भाऊजींच्या घरातून धूर येतोय!" गुप्तेवहिनींचा आवाज वर पोहोचला. "रोजचा भात करताना!"

अशोकच्या आई अजून काळ्या पडद्यापुढे हात जोडून बसल्या होत्या. "बान सुटला आन लाईट गेली," त्या हळूच म्हणाल्या. "असा अपशकून नाय बघितला कदी."

माझ्या डोळ्यांपुढे सुषमा आणि माझी बायको, जन्मभर, एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

तेवढ्यात अशोक उठला. "फ्यूजची तार आहे का?" तो सुषमाला म्हणाला. तिने तार काढून दिली आणि बिल्डिंगचा फ्यूज दाखवायला म्हणून त्याच्याबरोबर जिन्याखाली गेली. फ्यूज बसवायला फार वेळ लागत नाही. त्यांना मात्र पुष्कळ लागला. मी मदतीला निघालो, तर आईने माझा सदराच धरला.

लाईट आली. मालिका संपली होती. हात काळे करून अशोक वर आला. "आई, मला मुलगी पसंत आहे."

मागे सुषमाच्या गालावर त्याच काळ्या रंगाचं एक बोट उमटलेलं होतं. ते सर्वांनी पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही.

अशोकच्या आईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "पोरगी चांगली हाय. तिच्यात काय खोट नाय. पन लग्नात या भावाने एका वायरीला हात लावायचा नाय. आन तो मांडवाच्या जवळ असेल, तर माईकवाल्याला आदी सांगून ठेवा."

अट मान्य झाली. लग्नात कारखान्यातले माझेच हाताखालचे लोक रोषणाई करत होते आणि मला बघून बटणांसमोर आडवे उभे राहत होते. मलाही एक जबाबदारी दिली होती. अक्षता वाटायची! पुऱ्या लग्नघरात तांदूळ कच्चेच राहिले तरी चालतील, असं तेवढं एकच काम होतं.