नेरूळच्या बर्फावरची कप्तान

मार्च महिन्यात नवी मुंबईला निघताना बॅगेत दोन स्वेटर, दोन कानटोप्या आणि लोकरी मोज्यांचे चार जोड भरणारं कराडमधलं आमचं बहुधा एकमेव घर असावं. शेजाऱ्यांनी विचारलंच, हिमालयात चाललाय की नेरूळला? मी म्हटलं, दोन्हीकडे.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी आणि माझी पत्नी सुलभा लडाखला गेलो होतो. लेहपासून अठरा किलोमीटरवरच्या एका खेड्यात ज्यांच्या घरी पाच दिवस उतरलो, त्यांची मुलगी यांगडोल. गोठलेल्या तळ्यावर आइस हॉकी खेळत ती मोठी झाली. नऊ वर्षं संघाची कप्तान होती आणि त्यांतल्या चार वर्षी तिचा संघ देशात पहिला आला. चषक मी स्वतः मोजले. धान्याच्या कणगीवर ओळीनं ठेवले होते. पुढे गुडघा गेला आणि खेळ थांबला. त्यानंतर वर्षभरात तिचा फोन आला, की आचो (मोठा भाऊ), तुमच्या महाराष्ट्रात नोकरी लागली आहे, नेरूळला, बर्फ सांभाळायची. मी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात सव्वीस वर्षं काम करतोय. बर्फ सांभाळायची नोकरी म्हणजे काय, ते बघणं भाग होतं.

कराडहून शुक्रवारी सकाळी सहा चाळीसची एसटी धरली आणि दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी कळंबोलीला उतरलो. मुक्काम कामोठ्याला, माझा मेहुणा संतोष याच्या फ्लॅटमध्ये. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत येण्याचं कारण लिहायचं होतं. मी 'बर्फ पाहणे' असं लिहिलं. वॉचमननं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सोडलं. संतोषनं मात्र सोडलं नाही. "दाजी, नेरूळला बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर बाजारात पापलेटाखालचा. तिसरा नाय."

तिसरा होता. शनिवारी सकाळी रिक्षा करून सात वाजता यांगडोल काम करते त्या मॉलवर पोचलो. बाहेर अठ्ठावीस अंश. मागच्या दारानं आत गेलो, प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचे दोन पडदे ओलांडले आणि भिंतीवरच्या मापकात अकरा अंश दिसले. सुलभानं विजयी मुद्रेनं पिशवीतून कानटोपी काढली. कठड्याबाहेरून चालत मैदान पावलांनी मोजलं : लांबी चोवीस मीटर, रुंदी बारा. दिवसभर तिथं मुलांचे वाढदिवस होतात, लोक कठड्याला धरून घसरतात आणि फोटो काढतात. पण सकाळी सात ते साडेआठ ते मैदान यांगडोलचं.

"जुले (नमस्कार), आचो!" ती मैदानाच्या मधून, हात पाठीमागे बांधून, आमच्याकडे घसरत आली. बाजारात पिशवी घेऊन चालणाऱ्या माणसाला जेवढे कष्ट पडतात, तेवढेही तिला पडत नव्हते. मी तिचा हात हातात घ्यायला एक पाऊल बर्फावर टाकलं आणि बसलो. उठलो, पुन्हा बसलो. दोन्ही वेळा डाव्या बाजूवर. मैदानातल्या मुलींनी हसू दाबलं. त्या चौदा होत्या, बहुतेक जणी जवळच्या करावे गावातल्या, तेरा ते सोळा वयाच्या. यांगडोलनं नोकरीच्या पहिल्या वर्षी गावातल्या शाळेत जाऊन त्यांना गोळा केलं होतं. तिचं मराठी त्यांच्याकडूनच शिकलेलं, त्यामुळे थेट करावे वळणाचं. "पोरींनो, काठी खाली! काठी हवेत हाय म्हंजे तुमी मच्छर मारता," असं लडाखी नाकातून ऐकताना मला माझं पडणं विसरायला झालं.

कवायत संपल्यावर ती आम्हाला शेजारच्या हॉटेलात घेऊन गेली आणि इडली खाता खाता खरी गोष्ट सांगितली. मॉलच्या मालकांना सकाळची वेळ एका व्यायामवर्गाला द्यायची होती. मॅनेजर सावंत भला माणूस. त्यानं एक संधी मिळवून दिली होती. रविवारी अकरा वाजता मालकांच्या घरचे दोघे सामना बघायला येणार. आवडला तर मुलींची वेळ राहील, नाहीतर सोमवारपासून बंद. आणि वेळ गेली तर तीही लेहला परत जाणार, भावाच्या गेस्ट हाउसवर. नुसता बर्फ राखायला मी एवढ्या लांब राहणार नाही, असं ती म्हणाली. भावाला उत्तर सोमवारी द्यायचं होतं, तोवर त्यानं खोल्यांवर दुसरं माणूस ठेवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी करावे गावात जेवण होतं. गोलरक्षक रोहिणी हिच्या आईनं, सुगंधाताईंनी, बोलावलं होतं. नवऱ्याची होडी आहे, खाली दोन गाळे भाड्यानं दिलेत, वर तीन मजले. गच्चीवरून खाडी दिसते. ओहोटी होती आणि चिखलात फ्लेमिंगो उभे होते. मी दोनशे चाळीसपर्यंत मोजले, मग त्यांनी जागा बदलली. जेवायला तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं) कालवण आणि तळलेले निवटे (चिखलातले छोटे मासे). सुलभानं निवट्याच्या डोळ्यांकडे पाहून पहिला घास अर्धा मिनिट हातात धरला, मग सहा खाल्ले.

सुगंधाताईंचे वडील मिठागरात काम करायचे. त्या बोलायला मोकळ्या. यांगडोलला ताटावर बसवून त्यांनी तिची चेष्टा चालवली होती, की एवढी कप्तान, पन काटा काढता येत नाय. यांगडोल म्हणाली, आमच्या तळ्यात मासे नाहीत, नुसता बर्फ. मग सुगंधाताईंनी आपली काळजी बोलून दाखवली. ही वेळ गेली तर रोहिणी पुन्हा घरात मोबाइल घेऊन बसेल. "दोन वर्सांत माजी पोर कोनाला घाबरायची बंद झाली. त्या मॉलवाल्यांना सांगा."

रविवारी सव्वानऊलाच पोचलो. मैदान आरशासारखं होतं. यांगडोलनं पहाटेपासून गरम पाण्याचे तीन पातळ थर दिले होते. गरम पाणी वरचा बर्फ किंचित वितळवून त्याला नीट धरतं, हे आम्हा शीतकरणवाल्यांनाही मान्य आहे. ती मुलींना घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेली. सुलभा आणि मी खुर्च्या मांडत होतो. सुगंधाताई पदरात काहीतरी धरून आल्या, रोहिणीला नि आणखी चार मुलींना दारातच उभं करून काहीतरी पुटपुटत त्यांनी ओवाळलं, मग कठड्याशी जाऊन भरली मूठ मैदानात फेकली. एकदा, दोनदा, तीनदा.

मीठ आणि मोहरी. मीठ खडेमीठ, मिठागरातलं.

आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकल्यावर काय होतं, ते प्रत्येक घराला माहीत आहे. मी धावलो, अर्थातच पडलो आणि पोचेपर्यंत खड्यांनी आपापली भोकं पाडायला सुरुवात केली होती. उजव्या गोलाच्या समोर, सुमारे पाच मीटर बाय चारच्या पट्ट्यात, बर्फ घामेजला होता. वर मोहरीचे दाणे.

"ताई, हे काय केलंत?" सुलभा म्हणाली.

"दृष्ट काढली. पोरींकडं आज एवढी मानसा बघनार."

"पण बर्फावर?"

"दृष्टीचा मीठ पान्यात सोडायचा असतो. आमी खाडीत सोडतो. हा पानीच ना?"

मी वाकून खडे वेचायला लागलो. तेवढ्यात यांगडोल बाहेर आली. कोणी सांगायच्या आत ती त्या पट्ट्यापाशी गेली, गुडघ्यावर बसली, बोट ओलं करून जिभेला लावलं. तिला कळलं. सुगंधाताईंचा चेहरा एव्हाना उतरला होता. त्या मुलींकडे बघत नव्हत्या. यांगडोल बोट पुसत उठली. तिनं मला वेळ विचारली.

नऊ पंचेचाळीस. मी हिशेब मांडला : खारट बर्फ खरवडून काढायचा, खड्ड्यांत बर्फाचा कीस भरायचा, पाणी द्यायचं. एकेका थराला चाळीस मिनिटं, किमान तीन थर. म्हणजे दोन तास. आपल्याकडे सव्वा तास आहे. नाही होणार.

"नाही होणार," तीही म्हणाली. चौदा मुली हेल्मेट हातात घेऊन तिच्याभोवती उभ्या होत्या आणि रोहिणी आईकडे रागानं बघत होती. यांगडोल म्हणाली, गावच्या तळ्यावर एकदा सामन्याच्या सकाळी कोणाचा तरी याक फिरून गेला होता. अर्ध्या तळ्यावर खड्डे. "तेव्हा आमी काय केला? बर्फ फिरवता येत नाय. मैदान फिरवता येतो."

मग मी जे पाहिलं ते कप्तानपद असावं. पाच मिनिटांत तिनं गोल उचलवले आणि लांब बाजूंना, समोरासमोर लावले. खराब पट्टा लाल शंकूंनी बाहेर टाकला. आता मैदान अठरा मीटर रुंद आणि गोलापासून गोल जेमतेम बारा मीटर. प्रत्येक मुलीला तिनं नव्या जागेवर नेऊन उभं केलं, खांद्याला धरून वळवलं. जवळच्या गोलामुळे पास छोटे हवेत, हे एकदाच सांगितलं. मी आणि सुगंधाताई खारट बर्फ खरवडून बादल्यांत भरत होतो. सात बादल्या निघाल्या. ताई एकदाच बोलल्या, "दादा, ही बाई मना ओरडली असती तं बरा झाला असता."

अकरा वाजून बारा मिनिटांनी पाहुणे आले : मालकांच्या साठीतल्या आई आणि त्यांचा तरुण पुतण्या. चार-चार जणींचे संघ, दर दोन मिनिटांनी बदल. बारा मीटरांच्या मैदानावर चेंडूऐवजी असलेली ती रबरी चकती (पक) क्षणात इकडून तिकडे. पुतण्या पहिल्या पाच मिनिटांत खुर्चीवरून उठला तो पुन्हा बसलाच नाही. रोहिणीनं अकरा फटके अडवले, सात सुटले. निकाल नऊ-सात, तिच्या संघाच्या बाजूनं.

सामना संपल्यावर मालकांच्या आईंनी विचारलं, हा खेळ असाच आडवा खेळतात का? सावंतनं लगेच मान हलवली. यांगडोलनं नाही सांगितलं. मैदान खराब झालं, मीठ पडलं, म्हणून फिरवलं. सावंत डोळे मिटून घेऊन उभा राहिला.

"मीठ कोणी टाकलं?"

सुगंधाताई कठड्यामागून पुढे आल्या. हात अजून गारठून लाल होते. "मी. पोरींना नजर लागू नये म्हनून."

मालकांच्या आईंनी शंकूंकडे पाहिलं, मग मुलींकडे.

"मग लागली का?"

"नाय," ताई म्हणाल्या. "बघितला ना तुमी."

म्हातारी हसली. निर्णय तिथंच झाला नाही. दोघं सावंतच्या खोलीत वीस मिनिटं बसले. सावंत बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, टेन्शन खल्लास. पण सहा दिवस नाय, चार. दोन दिवस व्यायामवाल्यांना. वर्षभर पक्कं." चार दिवस कमी की जास्त, यावर मुलींचा वाद सुरू झाला. यांगडोलनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, आमच्या तळ्यावर वर्षातले जेमतेम दोन महिने बर्फ असतो. चार दिवस वर्षभर म्हणजे पुष्कळ.

सोमवारी सकाळी निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती त्या खड्ड्यांवर चौथा थर देत होती. भावाला फोन झाला होता. खोल्यांवर दुसरं माणूस ठेव, एवढंच सांगितलं म्हणे. दाराबाहेर मुली उभ्या होत्या, पण थर घट्ट होईपर्यंत तिनं एकीलाही आत घेतलं नाही. आम्हीही बाहेरच थांबलो आणि आमची एसटी चुकली. पुढची पावणेदोन तासांनी होती.

परतीच्या वाटेवर मी डायरीत तिची कारकीर्द लिहायला घेतली. नऊ वर्षं कप्तान, चार चषक, हे सोपं होतं. त्यापुढे काय लिहावं ते सुचेना. नेरूळला चषक देणारं कोणी नव्हतं, आणि तरी त्या रविवारी ती मला जेवढी कप्तान वाटली, तेवढी कणगीवरच्या चार चषकांजवळही वाटली नव्हती. शेवटी जे मोजता आलं तेवढंच लिहिलं : आठवड्यातले चार दिवस, सात ते साडेआठ, मुली चौदा.

परवा तिचा फोन आला. तो आकडा मला खोडावा लागला. आता पंधरा आहेत. पंधराव्या सुगंधाताई, वय त्रेचाळीस, अजून कठडा सुटलेला नाही.