आधी नाव, मग प्रश्न

"आधी नाव, मग प्रश्न," असं म्हणून सर उजव्या हाताची पाचही बोटं हवेत उघडी धरत आणि थांबत. विचारणाऱ्यानं नाव सांगितलं की बोटं मिटत, मान त्या दिशेला किंचित वळे, आणि मगच प्रश्न. वर्गात साठ-सत्तर मुलं असोत की शिक्षकांच्या कार्यशाळेत वीस माणसं, यातून कुणाला सूट नव्हती. एकदा चॅपलमधल्या प्रार्थनेनंतर आमच्या कुलगुरूंनी त्यांना काही विचारलं, तर त्यांनाही तीच बोटं दाखवली. कुलगुरूंनी हसून स्वतःचं नाव सांगितलं.

तुमच्याही ऑफिसात, शाळेत असा एखादा माणूस असेल. त्याची सवय सगळ्यांना आवडते, पण ती त्याला का लागली हे कुणी विचारत नाही. मला तर ते विचारण्यासाठीच नेमलेलं होतं.

चेन्नईतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात मी प्राध्यापक विकास केंद्राचं काम पाहतो. नव्या शिक्षकांना शिकवायचं कसं ते दाखवायचं, जुन्यांना नव्या पद्धतींकडे वळवायचं, दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक बोलवायचे, आपले तिकडे पाठवायचे. सर गणिताचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मूळ तंजावरचे, पण चेन्नईत तिरुवल्लिकेणीतल्या एका बोळात बहिणीबरोबर राहत. पिढ्यान् पिढ्या घरात जपलेली त्यांची मराठी जुनी होती आणि तमिळ हेलात चाले. मी सांगलीचा, म्हणून मला नुसतं 'सांगली' म्हणत.

"काय हो सांगली, जेवलांत कां?"

"जेवलो, सर."

"तुमची मराठी धावते हो. बस सुटल्यासारखी."

संध्याकाळी फाटकापर्यंत आम्ही बरोबर जायचो. ते माझं कोपर धरून चालत. परक्या गावात कुणी वडीलधारं माणूस असं कोपर धरतं याचं मला फार अप्रूप होतं. आज ते कोपर आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्यांच्या सवयींचं मी काय केलं, ते सांगतो. ईशान्येकडच्या एका कॉलेजातले शिक्षक आमच्याकडे आठवडाभर आले होते. मी त्यांना सरांच्या वर्गात बसवलं आणि नंतर फळ्यावर मुद्दे लिहिले: प्रत्येक विद्यार्थ्याला नावानं मान देणे, लिहिताना डावा तळवा ओळीखाली टेकवून अक्षर सरळ ठेवणे, टिपणं हातात न घेता शिकवणे. पाहुण्यांनी सगळं उतरवून घेतलं. आमच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही मी ते छापलं. सरांना पुस्तिका दिली, तर त्यांनी ती चाळली नाही. हातात घेऊन वजन केल्यासारखी धरली आणि म्हणाले, "जड केलांत."

मग आमच्याकडे वर्ग-निरीक्षणाची योजना आली. एका शिक्षकानं दुसऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं, पाहिलेलं एका फॉर्मवर लिहायचं, शेवटच्या चौकटीत शिफारस करायची, आणि फॉर्म त्याला दाखवून सही घ्यायची. योजनेचा पाया एकच होता: फॉर्म त्या दोघांतच राहील. ऑफिसला जाणार नाही, बढतीला लागणार नाही. हे वचन मीच सभागृहात सगळ्यांपुढे उभं राहून दिलं होतं. प्रार्थना नुकतीच संपली होती, आणि सरांनी नेहमीप्रमाणे अर्धा क्षण उशिरा, एकट्यानं 'आमेन' म्हटलं होतं.

कुणीच पुढे येईना, तेव्हा सरांनी बोटं वर केली. "सांगली येणार असतील तर या म्हणून सांगा."

जुन्या इमारतीतली अकरा नंबरची खोली. मी मागे बसलो. दहा मिनिटांनी एका मुलीनं हात वर केला. सर तिच्याकडेच तोंड करून बोलत राहिले. तिनं हात खाली घेतला, नाव सांगितलं, तेव्हा सर थांबले. थोड्या वेळानं डस्टर पडलं. सर वाकले नाहीत. पहिल्या बाकावरची मुलगी उठली, डस्टर उचलून तिनं त्यांच्या तळव्यात ठेवलं आणि लिहायला बसली, जणू हाही तासाचाच भाग. मग लिहिता लिहिता डावा तळवा सरकला आणि सरांनी एक ओळ दुसऱ्या ओळीवरच लिहिली. कुणी हसलं नाही. मधूनच एक आवाज आला, आधी नाव, मग, "सार, एक ओळ खाली." सरांनी तळवा खाली घेतला.

सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

तास संपल्यावर मुलं गेली. सर खुर्चीत बसले.

"बघितलांत?"

"हो, सर."

"बांगडीतून बघावं तेवढं दिसतं. बांगडी लहान होत जाते म्हणून डॉक्टर सांगतो." उत्तरपत्रिका बहीण वाचून दाखवते, हेही त्यांनीच सांगितलं. ती शाळेत गणितच शिकवायची. "दोन वर्षं आहेत हो. तेवढी वर्गात जाऊ देत. घरी बसलों तर मी कोण म्हणून मजच कळायचं नाही."

फॉर्म आपल्या दोघांतच राहील, असं मी म्हणालो.

"मग खरं लिहा. खोटं लिहिलं तर ओळखतां कुठं येणार आहे मज?" असं म्हणून ते हसले. मीही हसलो.

तो फॉर्म मी तीन दिवस लिहीत होतो. इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. त्या मुलीचं उठणं, तळवा, ओळीवरची ओळ, सगळं त्यात आलं. शेवटच्या चौकटीत मी लिहिलं: दृष्टी मंदावली आहे, नव्या इमारतीतल्या भरपूर उजेडाच्या वर्गात हलवावं. उजेड जास्त तर दिसेल जास्त, इतकीच माझी अक्कल. त्यांना मी विचारलं नाही.

सरांना फॉर्म मी वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होते. शेवटची चौकट मात्र मी वाचली नाही. वाईट वाटेल, असं वाटलं. वाचून झालं, म्हणालो. त्यांनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं आणि त्यांनी सही केली.

पुढचं फार साधं आहे. मूल्यांकन समिती येणार होती. डीन मॅडमनी योजनेचे दोन-चार चांगले नमुने मागितले. शिक्षकांनी विश्वासानं माझ्याकडे ठेवलेले तीसेक फॉर्म कपाटात होते. माझा हात सरळ त्याच फॉर्मवर गेला, कारण तो सगळ्यांत सुंदर लिहिलेला होता, आणि लिहिणारा मी होतो. नावावर मी काळी शाई फिरवली. पण 'गणित' राहिलं, 'अकरा नंबर' राहिलं, ती सही राहिली.

मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आधी का नाही सांगितलंत? आपण त्यांची काळजी घ्यायला हवी," असं त्या म्हणाल्या. आठवड्याभरात आदेश निघाला: वर्ग काढून घेतले; सरांनी निवृत्तीपर्यंत प्राध्यापक विकास केंद्रात, नव्या इमारतीत, मार्गदर्शक म्हणून बसावं. म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर.

आदेश त्यांना मीच वाचून दाखवला. या वेळी शेवटपर्यंत.  सरांनी एकच विचारलं. "नवी इमारत म्हणून कुणी सुचवलं?"

मी म्हणालो, ऑफिसनं.

"सरि," म्हणाले. तमिळमध्ये सरि म्हणजे बरं. "जुन्या इमारतीच्या पायऱ्या माझ्या पाठ आहेत हो. फाटकापासून अकरा नंबरपर्यंत दोनशे चौदा पावलं. इथं मज पहिल्यापासून मोजावं लागेल."

नवी इमारत तुम्ही पाहायला हवी. भिंती काचेच्या, फरशी पांढरी, पायऱ्याही त्याच पांढऱ्या दगडाच्या. दुपारी सगळीकडून उजेड उसळतो. सर दारात आले की हात कपाळावर आडवा धरत. जास्त उजेडात त्या बांगडीतलंही पुसून जातं, हे मला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. चहा घेताना, सहज.  त्याच वेळी मॅडमकडे जाऊन हे सांगायला हवं होतं. मी ठरवलं, कार्यशाळा होऊ दे.

तिसऱ्या दिवशी कार्यशाळा सुरू झाली. पाहुण्यांपैकी दोघं आदल्या वर्षीचीच होती. त्यांनी आपल्या कॉलेजात 'आधी नाव, मग प्रश्न' सुरू केलं होतं आणि त्यांना सरांना भेटायचं होतं. मी दारात उभा राहून स्वागत करत होतो, हातात नावांचे बिल्ले. सर कॉरिडॉरमधून माझ्या आवाजाच्या रोखानं आले. माझं कोपर असतं तिथं त्यांनी हात पुढे केला. मी पाहिला तो हात. एका पाहुण्याचा बिल्ला शोधत होतो, म्हणून म्हणालो, "सरळ चला सर, मी आलोच."

कार्यशाळेच्या दालनात उतरायला दोन पायऱ्या आहेत. पांढऱ्या.

त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण ते पुन्हा विद्यापीठात आले नाहीत. रजा संपत गेली आणि मग निवृत्तीचा अर्ज आला. अर्जावर अक्षर बहिणीचं होतं, खाली सरांची सही, ओळ सोडून थोडी वर चढलेली.

मी फॉर्मची प्रत घेऊन तिरुवल्लिकेणीला गेलो. ठरवून गेलो होतो की शेवटची चौकट वाचून दाखवायची. बोळ अरुंद, जिना बाहेरूनच. दुपारची वेळ. बहीण बाहेर गेली असावी. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं. सर खिडकीपाशी वॉकर पुढ्यात घेऊन बसले होते, तोंड माझ्याकडे, नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी.

"कोण?" ते म्हणाले आणि त्यांनी बोटं उघडली. "आधी नाव."

मी तोंड उघडलं. नाव आलं नाही. नाव सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्याचसाठी तर मी गेलो होतो. बोटं हवेत तशीच होती.  मग ती हळूहळू आपोआप मिटली, आणि सरांनी चाचपडत शेजारची खुर्ची माझ्या दिशेला सरकवली.

"परवाइल्लै," ते म्हणाले. म्हणजे, असू दे. "बसा हो. नाव मागाहून सांगा."

मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो. पायऱ्या आपोआप मोजल्या गेल्या. सतरा. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा खाली राहणाऱ्या बाईंनी सांगितलं, दोघं तंजावरला गेले. पत्ता त्यांच्याकडे होता. मी मागितला नाही.