पांढऱ्या पासपोर्टाची वर्षं

वडीगोद्रीच्या फाट्यावर औरंगाबादची एसटी यायला अवकाश होता. दादा, म्हणजे माझे वडील, बागेतून मोसंबी तोडून थेट आले होते. धोतराला हात पुसून म्हणाले, "बघू दे ते पुस्तक."

मी पर्समधून पासपोर्ट काढून दिला. पांढऱ्या कव्हरचा. सरकारी कामावर परदेशी पाठवतात त्यांना तो मिळतो. दिल्लीच्या कार्यालयात स्टेनो म्हणून काही वर्षं काढल्यावर मला आफ्रिकेतल्या एका वकिलातीत पहिलं पोस्टिंग मिळालं होतं.

"ह्यो तुझाच राह्यील का?"

"नाही दादा, सरकारचा आहे. काम संपलं की जमा करायचा."

"मंग बराबर हाये. ज्यानं नेलं, तोच आणून घालील."

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. एसटी हलली तेव्हा आई रडत होती आणि दादा चक्क हसत होते.

तिकडे मला क्वार्टर मिळालं, फ्रीज मिळाला. रविवारी वकिलातीतल्या बायका पॉटलक करत, म्हणजे प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ आणायचा, आणि मी ज्वारी मिळत नाही म्हणून मक्याच्या भाकरी थापून न्यायची. गावाकडे मी मोठी साहेबीण झाले होते. खरं तर मी दिवसभर टाइप करायची. पोस्टिंग संपलं की दिल्लीत पासपोर्ट जमा करायचा, पुढचं पोस्टिंग आलं की नवा घ्यायचा. मधल्या सुट्टीत घरी जायची. आपल्यातले जे बाहेर गेले त्यांना ठाऊक आहे, अशा सुट्ट्यांत आई-वडील दर वेळी एकदम म्हातारे झालेले दिसतात.

तिसऱ्या पोस्टिंगवर असताना त्या शहरात गोळीबार सुरू झाला. दुकानं जळाली, विमानतळ बंद पडला. आपले मजूर, त्यांच्या बायका, लेकरं वकिलातीच्या आवारात येऊन बसली. बहुतेकांचे पासपोर्ट घरांबरोबर जळाले होते. त्यांना भारतात जाण्यापुरता एक कागद द्यावा लागे, आणि तो करणारी मी एकटीच उरले होते; बाकी कर्मचारी सुट्टीवर गेले ते तिकडेच अडकले होते.

त्याच दिवसांत दिल्लीमार्फत निरोप आला. दादा अत्यवस्थ होते. साहेबांनी माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला. म्हणाले, आपल्या लोकांना न्यायला सकाळी एक खास विमान सुटतंय, तुम्हाला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही.

मी पासपोर्ट पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले. व्हरांड्यात माणसं माझ्याकडे बघत उठून उभी राहिली. मी परत टाइपरायटरवर जाऊन बसले. रात्रीतून ज्यांचे कागद झाले ती माणसं सकाळच्या विमानात गेली; बाकीच्यांसाठी मी थांबले. मला दुसरं विमान तीन आठवड्यांनी मिळालं.

मी पोचले तेव्हा तेरावा झाला होता. माझा धाकटा भाऊ बापू ओसरीवर होता, डोक्याचे केस काढलेला. आई म्हणाली, "लई इचारत व्हते. म्या सांगितलं, सरकार सोडून न्हाई राह्यलं."

"सोडलं होतं, आई. मीच थांबले." आणि मी सगळं सांगितलं.

आईने डोक्यावरचा पदर ओढून घेतला. बापू म्हणाला, "साऱ्यांला घरी लावून देलं तू, अक्का. आपलं घर न्हाई आठवलं?"

व्हरांड्यातल्या त्या माणसांपैकी एकाचाही चेहरा आता मला नीट आठवत नाही, दादांचा मात्र रोज आठवतो. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आई गेली. मी निवृत्त झाले, शेवटचा पासपोर्ट जमा केला आणि औरंगाबादला फ्लॅट घेतला. बापू आता पुन्हा बोलतो, अगदी प्रेमाने बोलतो. वडीगोद्रीला गेले की वहिनी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या पलंगावर माझ्यासाठी नवी चादर घालते, उशाला तांब्या ठेवते. आतल्या खोलीत भिंतीकडेला आईची झोपायची जागा आहे. तिथे एक गोधडी टाकून दे, एवढंच मला वहिनीला म्हणायचं असतं. दर वेळी ओठांवर येतं, आणि मी पलंगावर जाऊन झोपते.