अण्णांच्या जीपने म्हशाला

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडलो नाही. कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. बिघाडाला कारण असतं आणि ते पाना हातात घेतला की सापडतं, एवढीच माझी श्रद्धा. गेल्या पौषात मात्र अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या पेट्रोल जीपने माझी चांगली खोड मोडली.

अण्णा या जीपमधून किन्हवली ते मुरबाड प्रवासी न्यायचे. पौष पौर्णिमेला मुरबाडपलीकडच्या म्हसा गावी म्हसोबाची जत्रा भरली की भाडी बंद. आई पुढे, आम्ही भावंडं मागे, पायाशी भाकऱ्यांची टोपली, आणि परतताना अंगावर नव्या घोंगडीचा वास. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. अण्णा गेले, जीप पडवीत उभी राहिली आणि आईचं म्हशाला जाणंही थांबलं. मागच्या पावसाळ्यात काचबिंदूने तिची नजर झपाट्याने उतरली. उरली आहे ती किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी आई एवढंच बोलली, “म्हसोबाला एकदा डोल्यांनी बघायचाय. ह्यांच्याच गाडीतून.”

मी नुकताच निवृत्त झालो होतो. चार महिने जीपखाली काढले. कार्बोरेटर तीनदा उघडला. पॉइंट, प्लग, कॉइल, पेट्रोलचा पंप, सगळं बदललं. अंगणात ती छान गुरगुरायची. रस्त्यावर काढली की दोन-तीन कोसांवर धापा टाकून बंद. मग कितीही स्टार्टर मारा, ढिम्म. अर्ध्या तासाने आपली आपण चालू. बायको म्हणायची, “गाडीला पण तुमच्यासारखी दुपारची झोप लागते.” मी हसण्यावारी न्यायचो, पण आतून धुमसत होतो.

जत्रेच्या दिवशी दुसरी गाडी करू म्हटलं तर आई नाही म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही ती नकोच होती. आपल्याला जीप जमली नाही हे गावाला दिसलं असतं. निघालो. मुरबाडच्या अलीकडे एकदा बंद पडली, मुरबाड ओलांडल्यावर पुन्हा. दुपार कलू लागली. ऊन उतरलं की आईला काही दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. अजून उशीर झाला असता तर देवासमोर उभी राहूनही ती चाचपडलीच असती. ती शेजारी बसून देवाचं नाव घेत होती. मी तिच्यावर खेकसलो, “सांग की तुझ्या म्हसोबाला, गाडी ढकल म्हणून.” ते बोलणं आजही मला टोचतं.

रस्त्यापलीकडे एका बाईंनी जत्रेकरूंसाठी भज्यांचं दुकान मांडलं होतं. आईसाठी पाणी मागायला गेलो. त्या तेलाचा नवा डबा फोडत होत्या. एका कोपऱ्यात खिळ्याने भोक पाडलं, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “दोन कशाला, ताई?”

माझ्या कपड्यांवरचं ग्रीस बघून त्या हसल्या. “येवढं पण म्हायीत नाय, दादा? एका भोकानं तेल सुटत नाय. वारा आत गेला पायजे.”

मी पाणी तिथेच ठेवून धावलो. टाकीचं झाकण फिरवलं तशी ‘फुस्स’ करून हवा आत गेली. स्टार्टर मारला, जीप जरा कुरकुरली आणि चालू झाली. झाकणाला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं; ते बुजलं की पेट्रोल सुटत नाही, आणि गाडी उभी राहिली की हवा हळूहळू झिरपून पुन्हा सुटतं. ते शोधू लागलो तर वर हळदकुंकू. तेलात कालवलेलं, थरावर थर, दगडासारखं घट्ट. दर दसऱ्याला आई जीपची पूजा करते आणि ‘हे गाडीचं तोंड’ म्हणून झाकणाला बोटं टेकवते. अण्णा दुसऱ्याच दिवशी पेट्रोलच्या फडक्याने ते लख्ख पुसायचे. “येक दिस पण टिकू देत नाय,” असं आई पुटपुटायची. त्यांनी कारण कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर पुसणारं कुणी उरलं नाही. मी सगळी जीप घासली, पण आईचं म्हणून तेवढं कुंकू राखून ठेवलं होतं.

खिळ्याने छिद्र मोकळं करत आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे मीच बुजवलं.”

पाण्याचा तांब्या घेऊन त्या बाई आल्या होत्या. “मायेनं लावलंस ना, आये? मग झालं. जा आता, उजेड हाय तवर.”

परतताना दुकान उठलेलं होतं. आभार मानायचे राहून गेले. होळीपर्यंत आईची नजर पूर्ण गेली. त्या बाईंना कुणी पाठवलं, मला माहीत नाही. माझ्या पान्याला जे सापडलं नाही ते मला देण्यात आलं, आणि तेही मी कडू बोलल्यावर, एवढं खरं. आता हात टेकायची मला लाज वाटत नाही.

दर्शनाचं सांगायचं राहिलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन होतं. जन्मभर देवापुढे डोळे मिटून उभी राहणारी माझी आई त्या दिवशी पापणी लवू देत नव्हती. मागची रांग रेटत होती. मी हळूच म्हणालो, “आई, हात जोड.”

“हात मागून पण जोडता येतील रे,” ती म्हणाली. “आता बघू दे.”

मग तिच्या वाटचे हात मी जोडले.