विहीणबाई आणि उंबऱ्यातली पोर

ये गं मंजू, अशी जवळ बस. खुर्ची नको, इथे सतरंजीवर, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. कागदावरून कान धरता येत नाही म्हणून वाचलीस, नाहीतर आज धरलाच असता. नातवाच्या बारशाला नाशिकहून आलीस, दोन वाट्या खीर प्यायलीस, आणि पाळण्याशेजारी पोरं गोळा करून भुताची गोष्ट सांगणाऱ्या माझ्या विहीणबाईंकडे बघून ओढणीआड फिदीफिदी हसलीस. मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, "अक्का, तुमची भाची हसली. म्हणजे भूत कच्चं राहिलं." रागावल्या नाहीत हो, वहीत टिपून ठेवलं.

तर आता हसायचं नाही, ऐकायचं. तापीच्या अलीकडे आणि पलीकडे, अख्ख्या खानदेशात, भुतांची एवढी काळजी वाहणारी बाई आजवर झाली नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. या माझ्या सुनेच्या आई. राहणार शिरपूर. सारा जन्म शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवण्यात गेला. साठी उलटल्यावर लोक जपमाळ हातात घेतात, यांनी पेन्सिल घेतली. पेनाने लिहीत नाहीत. का, तर भूत कधीही खोडता आलं पाहिजे, शाईचं भूत घरात ठाण मांडतं. नातीच्या शाळेच्या वह्यांची उरलेली पानं फाडून, शिलाईच्या दोऱ्याने टाचून त्यांनी वह्या केल्यात, आणि त्यात लहान मुलांसाठी भयकथा लिहितात. मोठ्यांसाठी नाही. मोठ्यांचं पुस्तक त्या हातातसुद्धा धरत नाहीत. "मोठ्यांच्या पुस्तकांत माणसं नुसती बोलतात अन् एकमेकांना सोडून जातात, त्यात काय वाचायचं?" असं एकदा व्याह्यांसमोरच म्हणाल्या.

त्यांचे गुरू म्हणजे मुलांसाठी लिहिणारे लेखक. किती तरी गुरू, पण एकाचंही नाव त्यांना ठाऊक नाही. त्याचं असं, की पुस्तकं येतात शिरपूरच्या रद्दीवाल्या चाचांकडून, आणि चाचांच्या दुकानात पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा. पुस्तक आलं रे आलं की चाचा आधी त्याचं कव्हर ओरबाडून पुठ्ठ्याच्या ढिगावर टाकणार. उरतो तो बिननावाचा गठ्ठा, तो विहीणबाईंसाठी बाजूला. मग यांनीच नावं पाडली. एक 'चिंचवाले', कारण त्यांच्या गोष्टीत पोरं आधी चिंचा खातात आणि मग घाबरतात. त्यांच्याकडून यांनी धडा घेतला, की उपाशी पोराला घाबरवू नये. दुसऱ्या 'चपलावाल्या बाई'. त्या भूत दाखवतच नाहीत, फक्त दाराबाहेर काढलेल्या चपला दाखवतात. "अक्का, दारात चपला दोन आणि आत माणूस कोणी नाही, एवढं लिहिलं की पुरे. बाकीचं पोरगंच लिहितं डोक्यात." गुरुपौर्णिमेला हे सगळे गठ्ठे पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून, पेढा ठेवतात. एकच गुरू त्या पाटावर बसत नाही. त्याने एवढी थोरली गोष्ट लिहून शेवटी 'ते सारे स्वप्न होते' असं लिहिलं होतं. ते पुस्तक यांनी वाचलं, चपला घातल्या, आणि तडक चाचांकडे नेऊन परत टाकलं. "स्वप्न म्हणजे फसवणूक," त्या म्हणाल्या. "पोराने खरी भीती खर्च केली, त्याला खोटी सुट्टी देता?"

आणखी एक त्यांचा हट्ट म्हणजे भूत दुपारी येतं. "रात्री काय, सगळे घरात, दारं लावलेली, पंखा चालू. भूत येऊन करणार काय? वैशाखातली दुपार बघा आपली. रस्त्यावर कुत्रं नाही, खिडक्यांना पडदे, दाराबाहेर पाऊल टाकावं तर डांबर चपलेला चिकटतं. अशा वेळी कडी वाजली तर कोण असेल?" आता बाई, जळगावच्या दुपारी मी पासष्ट वर्षं काढल्या, पण त्या बोलल्यापासून बारा ते चार मी कडीला हात लावत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या माझ्याकडे आल्या होत्या, तेव्हा भर दुपारी छत्री घेऊन निघाल्या. कुठे, तर डाळमिलच्या मागे. म्हणे, जेवणाच्या सुट्टीत मिल बंद होते तेव्हा कसा आवाज येतो तो ऐकायचा आहे. अर्धा तास उभ्या राहिल्या आणि सुट्टी संपून मिल सुरू झाली. परत आल्या त्या केसांपासून पापण्यांपर्यंत डाळीच्या पिवळट भुकटीने माखून. पाय धुवायला नळाकडे वळतात तोच कडी वाजली. मी कशाची उठते! यांनीच दार उघडलं. बाहेर कुरिअरवाला. त्याने ती पिवळी बाई पाहिली, ती उघडी छत्री पाहिली, पार्सल उंबऱ्यावर ठेवलं आणि सही न घेता पळाला. आणि विहीणबाई त्याच्या मागे! "ओ भाऊ! थांबा हो भाऊ! कशाने घाबरलात तेवढं सांगा! डोळ्यांनी की छत्रीने?" तो दुचाकीला किक मारतोय आणि या वही काढताहेत. तो छत्रीने घाबरला होता. तेव्हापासून त्यांच्या भुतांच्या हातात छत्र्या आल्या.

पण कागदावर मात्र त्यांच्याच्याने भीती उमटेना. कारण मन मऊ. भूत दारात आलं की यांचा जीव राहत नाही. पहिल्या गोष्टीत भुताला पाणी दिलं, दुसरीत चहा, तिसरीत तर ते बिचारं कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन ओट्यावर आडवंच झालं. आणि परीक्षा तर कडक. दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठ दिवस त्या पापडांना माझ्याकडे येतात. आम्ही पाच-सहा जणी पोळपाट घेऊन बसतो, पोरं तेलात बुडवलेल्या लाट्या पळवत भोवती फिरतात, आणि त्या गोष्ट सांगतात. त्यांचा नियम असा, की लाटणी थांबली तर गोष्ट घाबरवणारी, चालू राहिली तर नापास. पापडाचं पीठ तुला ठाऊक आहे, हात थांबला की लाटी वाळते, म्हणून बाई जीव गेला तरी हात थांबवत नाही. त्यात समोरच्या सिस्टर. चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, पाहायचं ते सगळं पाहून झालेलं. भुताने चहा घेतला की त्या लाटता लाटता विचारायच्या, "साखर किती घातली?" की सगळ्या हसून लोळायच्या. विहीणबाईसुद्धा हसायच्या, पण वहीत डोकं घालून.

मी एकदा विचारलंच, "एवढा आटापिटा कशासाठी हो?" तेव्हा त्यांनी शिलाईच्या डब्यातून एक गठ्ठा काढला. त्याला पुढचं कव्हर नाही आणि मागची पानंही नाहीत. शेंगदाण्याच्या पुडीला गेली असतील. गोष्टीत एक पोरगी भर दुपारी शेजारच्या घरी डबा परत द्यायला जाते. दार सताड उघडं. आत झोका हलतोय, झोक्यावर कोणी नाही. आणि माजघरातून कोणी तरी तिच्या आईच्या आवाजात तिला नावाने हाक मारतं. पोरगी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकते, आणि पान संपतं. पुढे काही नाही.

"सात वर्षं झाली, अक्का," त्या म्हणाल्या, आणि मग आपल्या शिरपूरच्या बोलीवर आल्या. "ती पोर आजून त्या घरमाच शे." त्या पोरीला घरी आणण्यासाठी बाईने पेन्सिल हातात घेतली होती. या लेखकाला त्या 'उंबऱ्यावाल्या बाई' म्हणत. बाईच असणार याबद्दल खात्री, कारण "शेजारचा डबा परत द्यायचा असतो हे पुरुषाला सुचायचं नाही."

मागच्या वर्षी पापडांच्या दिवशी त्यांनी त्या गोष्टीचा आपला शेवट वाचला. पोरगी आत जाते. माजघरात एक बाई पाठमोरी उभी. ती म्हणते, "आणलास डबा? किती वर्षं वाट पाहिली." पोरगी डबा ठेवते आणि निघायला वळते. तर ती बाई म्हणते, "थांब. डबा माझाच, पण पोरीच्या हाती रिकामा परत द्यायचा नसतो." आणि डब्यात घालायला काही तरी शोधू लागते. फळीवरचा एक डबा उघडते, रिकामा. दुसरा उघडते, रिकामा. झाकणं पडताहेत, एक, आणखी एक, आवाज पोरीच्या जवळ जवळ येतोय, आणि घरात दाणा नाही. मंजू, मी तुला काय सांगू. माझ्या शेजारचं लाटणं थांबलं. मग माझं. मग सिस्टरांचं! पोरांच्या तोंडात लाट्या तशाच. पंख्याचा तेवढा आवाज. शेवटचं झाकण अगदी पोरीच्या कानाशी उघडतं. तोही डबा रिकामा. आणि ती बाई हळूच म्हणते, "काहीच नाही गं घरात. रिकामा कसा देऊ? राहू दे इथेच. तू जा." आणि पोरगी उन्हात बाहेर येते, पळत घर गाठते.

त्या दिवशी दोन परड्या लाट्या वाळून त्यांचे खडे झाले. सिस्टर डोळे पुसून म्हणाल्या, "मेलीच्या घरात साखरसुद्धा नव्हती का गं." विहीणबाईंनी वही मिटली. पास झाल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बारशानंतर महिन्याभराने चाचांचा फोन आला. फोन नेमका माझ्या सुनेने उचलला, कारण ती माहेरी गेली होती. चाचा ओरडून सांगताहेत, "भाभी को बोलो, उनकी लडकी मिल गई!" सून घाबरली, "आई, कोणती मुलगी?" विहीणबाईंना कळायला वेळ लागला नाही. चाचांना ती गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की एक अख्खं पुस्तक हाती आल्याबरोबर त्यांनी ओळखलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कव्हर फाडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चोपड्यावरून येणाऱ्या एसटीने विहीणबाई माझ्या दारात. एका हातात मेथीच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात ब्लाऊजपिसात बांधलेलं पुस्तक. पाणीही न पिता ते माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "तुम्ही वाचा. माझ्याच्याने होत नाही. मी माझी पोर आणली घरी, पण ती माझी. ज्यांची होती त्यांनी तिला तिथेच ठेवली असेल, तर मग मी नुसतंच मनाचं समाधान केलं." कव्हर मात्र त्यांनी पाहिलं होतं. त्यावर पुरुषाचं नाव होतं. त्यावरही विचार झालेला. "घरी डबे घासत असतील ते," त्या म्हणाल्या. "चांगले असतील."

मी चष्मा लावला. त्या समोर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. भर दुपार होती, कडी लावलेली होती. मी शेवटची पानं वाचली. मंजू, पोरीला तिची आई हलवून उठवते. दुपारी जेवून झोपलेली असते ती. सारं स्वप्न होतं.

मी पुस्तक मिटलं. त्या वर बघत नव्हत्या. पदराकडेच बघत त्यांनी विचारलं, "पोर घर उनी का?"

माझं सगळं आयुष्य जळगावात, त्यांची बोली माझ्या तोंडी फारशी येत नाही. पण तेव्हा आली. मी म्हटलं, "उनी."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, आणि मग पाणी मागितलं. पुस्तक परत मागितलं नाही. "तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाल्या. "आली ना, बस झालं." ते माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. खोटं मी बोलले नाही गं, आईनेच उठवली म्हणजे घरीच होती की पोरगी. पण पुढचं सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. इथे लिहायला भीती वाटत नाही, कारण हे मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे, त्या वाचायच्या नाहीत. तुझ्या तोंडाची मात्र मला भीती आहे.

आता त्यांचं नवं भूत तयार होतंय. त्याला छत्री आहे, चहा नाही, असं कळतं. पापड आखाजीच्या आधीच होतील, तेव्हा तुझी पोरं घेऊन ये, आणि आल्यावर हसू नकोस. लाटणं हातात घेऊन बस आणि जमलं तर थांबव. शिवाय लाडवांचा तो डबा अजून माझ्याकडेच पडला आहे. घासून, पुसून फळीवर ठेवलाय, पण रिकामा कसा देऊ? तू आलीस की दोघी मिळून काही तरी करू, आणि शिरपूरला जाऊन देऊन येऊ. फार दिवस लावू नकोस गं. त्या वाट बघत असतील.